फॉरमॅट मारण्याआधी...

इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतली की घरच्यांच्या दृष्टीने आपण एका रात्रीत मेकॅनिक होतो. मिक्सर, गीझर, टीव्हीचा रिमोट, शेजारच्या काकूंचा मोबाइल, काहीही बिघडलं तरी एकच वाक्य ऐकू येतं, "अगं, तू इंजिनिअर ना?" मी ई अँड टीसीची, सर्किट कागदावर सोडवते आणि व्हायव्हाला घाबरते, हे त्यांना कोण सांगणार?

तर गेल्या गणपतीच्या सुट्टीत मी मिरजेला घरी गेले. आरतीला टाळ वाजवायच्या आधीच आईने मला कॉम्प्युटरसमोर नेऊन उभं केलं. तो २०१२ साली घेतलेला, मी पहिलीत असतानाचा. दोन दिवस आधी पाऊस जोरात होता, लाइट तीन-चार वेळा गेली-आली आणि तेव्हापासून कॉम्प्युटर बंद. दुकानातल्या दादांना फोन केला, तर न बघताच निदान तयार. "ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत ओके."

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "फॉरमॅट मारलं तर आतलं सगळं जातं ना गं?"

आई बचत गटाची हिशोबनीस आहे. बारा बायका, दर महिन्याचे दोनशे रुपये, कोणी कर्ज घेतलेलं, कोणाचे हप्ते अर्धे फिटलेले. आधी ती सगळं वहीत लिहायची, मग एक्सेल शिकली. एक्सेलमध्ये बेरीज आपोआप होते म्हणून गेल्या आठ महिन्यांचं वहीत उतरवायचं राहून गेलं. दहा दिवसांनी गटाची मीटिंग होती. "हिशोब कॉम्प्युटरमध्ये होता आणि कॉम्प्युटर बिघडला, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? पैशाची गोष्ट आहे," आई म्हणाली. वाईट याचं वाटलं की बॅकअप कसा घ्यायचा ते दाखव, असं तिने मला दिवाळीत विचारलं होतं आणि मी "नंतर दाखवते" म्हणून मोबाइल बघत बसले होते.

म्हणून हा लेख. हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याचा पीसी बसतो त्याला शेजारच्या रूममधून हाच सल्ला मिळतो, "फॉरमॅट मार!" तसं करण्याआधी काय काय बघायचं ते मी केलं त्या क्रमाने सांगते.

पहिली पायरी: वीज. आधी बाहेरचं बघा, मग आतलं. मी स्पाइक बस्टरमध्ये मोबाइलचा चार्जर लावला, चार्जिंग सुरू झालं नाही. थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, तर झालं. म्हणजे स्पाइक बस्टर गेला होता. पीसी थेट भिंतीला जोडला आणि पंखा फिरला! बाबांनी तेवढ्यावरच टाळ्या वाजवल्या. पण स्क्रीन काळीच आणि आतून लांब लांब बीप.

पंखाही फिरत नसेल तर संशय एसएमपीएसवर. हा डबा घरातली २३० व्होल्टची एसी घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी देतो. मल्टिमीटर असेल तर हे आकडे पाच टक्क्यांच्या आतबाहेर आहेत का बघा. मात्र एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर २३० व्होल्टचं शिखर, म्हणजे जवळजवळ ३२५ व्होल्ट, साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतं. तिथे शौर्य दाखवायची गरज नाही. खराब निघाला तर सरळ नवीन बसवायचा.

दुसरी पायरी: बीप ऐका. पीसी सुरू झाला की विंडोजच्याही आधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले हजर आहेत का याची हजेरी घेतो. डिस्प्लेच सुरू झाला नसेल तर तो स्क्रीनवर लिहिणार कसा? म्हणून तो बीप देतो. कोणत्या बीपचा अर्थ काय, हे प्रत्येक बायोसचं वेगळं असतं, त्यामुळे मदरबोर्डची पुस्तिका बघा. आमच्या पुस्तिकेत सतत लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही, असं होतं.

प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला (अंगावरची स्थिर वीज उतरते, नाहीतर चिपला झटका बसू शकतो) आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर होता. पावसाळ्यातली दमट हवा आणि धूळ बसून असं होतं आणि संपर्क नीट होत नाही. पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने घासलं, रबराचा चुरा झटकला, टक् आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबून बसवली. बीप बंद! पाच रुपयांच्या खोडरबराने जे काम केलं त्याचे दुकानात किती लागले असते, ते सांगत नाही.

तिसरी पायरी: घड्याळ. आता स्क्रीनवर अक्षरं आली, पण तारीख-वेळ चुकली असल्याचा संदेश घेऊन. तारीख दिसत होती २०१२ ची. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, त्याचा नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वीज नसताना हा घड्याळ चालू ठेवतो. तो ३ व्होल्टचा असायला हवा, आमचा २.१ दाखवत होता. "घड्याळाचं काय एवढं?" असं बाबा म्हणाले. पण तारीख चुकली की इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. अनेकजण याला व्हायरस समजतात. असतो तो गरीब बिचारा एक सेल.

चौथी पायरी: इथे थांबा! सेल बदलला, विंडोज सुरू व्हायला लागलं, गोल गोल फिरलं, दुरुस्तीचा संदेश आला, परत रीस्टार्ट, परत तेच. दुकानातल्या दादांचं "विंडोज उडालंय" हे वाक्य मला खरं वाटू लागलं. पण कान जवळ नेला तर हार्ड डिस्कमधून टक... टक... असा आवाज येत होता.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारं हेड केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. लिहितानाच वीज गेली तर त्या जागेची माहिती अर्धवट राहू शकते आणि जुन्या चकतीवर खराब जागा वाढत जातात. टक टक म्हणजे हेड पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय आणि जमत नाहीये. अशा वेळी फॉरमॅट तर नाहीच, पण विंडोजची चेकडिस्कही चालवू नका. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं, तुमची फाइल वाचवणं नाही. ती डिस्कवर लिहिते आणि आजारी डिस्कला आणखी पळवते. आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं, घराची साफसफाई नंतर.

पाचवी पायरी: आधी माहिती बाहेर काढा. शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंटचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवला. त्याने पीसी सुरू केला की हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हातही लावावा लागत नाही. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट नावाची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते. ती बघितली, तर वाचता न आलेले म्हणून ताटकळत असलेले सेक्टर १४८ होते. हा आकडा शून्य असायला हवा.

मग डिस्क फक्त-वाचन पद्धतीने जोडली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आईचं फोल्डर जेमतेम ४० एमबीचं, म्हणून आधी तेच कॉपी करायला घेतलं. एकेक फाइल जात होती. शेवटची राहिली, चालू वर्षाच्या हिशोबाची. तिथे गाडी अडली. एरर. आई मागेच उभी होती. मी काहीच बोलले नाही, पण तिला कळलं.

साधी कॉपी खराब जागा आली की अडून बसते. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं एक मोफत टूल आहे. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, कुठे अडलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं आणि शेवटी परत येऊन त्या जागांवर चिकाटीने प्रयत्न करतं. परीक्षेचा पेपर सोडवतो तसंच, येतात ते प्रश्न आधी! मावशीची १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली आणि आमच्या ५०० जीबीच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढायला रात्री ९ ला लावली. कॉपी नेहमी मूळ डिस्कपेक्षा मोठ्या जागेवर घ्या आणि कुठली डिस्क मूळ, कुठली कॉपीची, हे कमांड देण्याआधी दोनदा तपासा. उलटं झालं तर जे वाचवायचं तेच पुसलं जाईल.

सकाळी ६ ला उठून बघितलं. थोडेसे सेक्टर सोडून सगळं आलं होतं. प्रतिमेतून हिशोबाची फाइल काढली, उघडली... आणि नावांच्या रकान्यात सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! आई म्हणाली, "गेलं ना सगळं?"

नाही, आकडे तर बरोबर दिसत होते. मग उलगडा झाला. आई जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करते. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी अक्षरांचा पोशाख चढवतो. लिनक्समध्ये तो फॉन्ट नव्हता, पोशाख उतरला. युनिकोडमध्ये असं होत नाही, कारण तिथे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिलेल्या आहेत. जुन्या डिस्कच्या प्रतिमेतल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट उचलला, बसवला आणि खिचडीतून एकेक नाव परत उभं राहिलं. आईने शेवटची बेरीज पासबुकाशी ताडून बघितली. रुपयाचाही फरक नाही. तिने आधी देवासमोर साखर ठेवली, मग माझ्या हातावर.

सहावी पायरी: आता खुशाल नवीन मांडा. जुनी डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो, तो आमच्याकडे नाही. म्हणून लिनक्स मिंटच टाकलं, त्यात लिबर ऑफिस असतं. आईला पहिले दोन दिवस बटणं सापडेनात, तिसऱ्या दिवशी ती मलाच शॉर्टकट सांगू लागली. निघायच्या आधी आम्ही दोघींनी बसून बारा नावं युनिकोडमध्ये परत टाइप केली.

आता मुद्द्याचं. महत्त्वाच्या फाइलच्या ३ प्रती ठेवा, २ वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. आईची एक प्रत पीसीवर, एक पेन ड्राइव्हमध्ये आणि एक दर महिन्याच्या शेवटी माझ्या मेलवर येते. शिवाय ती आता परत वहीतही लिहिते. "वहीला लाइट लागत नाही," असं म्हणते. तिच्याशी वाद कोण घालणार?

आणि दुकानातल्या दादांवर माझा राग नाही. त्यांना दिवसाला दहा मशीन बघायची असतात आणि आत काय आहे हे त्यांना माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं. म्हणून पुढच्या वेळी रूममेट "फॉरमॅट मार" म्हणाला, की त्याला एकच विचारा, आधी कॉपी घेतलीस का? आणि घरून कोणी बॅकअप कसा घ्यायचा असं विचारलं, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि तेव्हाच दाखवा. दहा मिनिटांचं काम असतं. मला त्याऐवजी पूर्ण सुट्टी लागली, आणि मोदकही थंडच खावे लागले!