पॉवर व्हीलचेअर : अर्जात नेमकं काय मागायचं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या लोकांकडून एक प्रश्न कायम येतो : बॅटरीवर चालणारी, अंगाच्या मापाची व्हीलचेअर मिळवायची कशी? पैसा हा त्यातला अर्धाच भाग. आपण अर्जात काय मागतो, हा उरलेला अर्धा.

सरकारी कागदावर ‘मोटराइज्ड ट्रायसिकल’ आणि ‘मोटराइज्ड व्हीलचेअर’ एकाच ओळीत येतात. पण बघा, ट्रायसिकल ही रस्त्यावरची गाडी. डोंबिवलीतल्या वन-बीएचकेमध्ये ती वळणारच नाही. पाय गेलेत पण हात भक्कम आहेत, त्याला ती उत्तम. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाला मात्र ती मिळून न मिळाल्यासारखी. त्याला जॉयस्टिकची खुर्ची लागते, पाठीला आणि डोक्याला आधार लागतो, बसून बसून जखमा होऊ नयेत अशी गादी लागते. आणि शिबिरात एकदा ट्रायसिकल घेतली, की पुढची दारं बंद. केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेच्या २०१४ च्या नियमांत मोटारीचं साधन १० वर्षांतून एकदाच मिळायचं!

म्हणून पैशाच्या आधी प्रिस्क्रिप्शन. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात तपासणी दुसरी, प्रिस्क्रिप्शन तिसरी, आणि पैसे चौथ्या पायरीवर आहेत. आपण सुरुवातच चौथीपासून करतो. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन असं लांबलचक नाव. तिथे किंवा जवळच्या पुनर्वसन तज्ज्ञाकडे जा. नुसतं ‘व्हीलचेअर द्यावी’ असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन परत येऊ नका. सीटची रुंदी, खोली, पाठीची उंची, जॉयस्टिक कोणत्या हाताला, आणि साधी खुर्ची का चालणार नाही, हे सगळं लिहून घ्या. घरून निघताना बाथरूमच्या आणि लिफ्टच्या दाराचं माप टेपने घेऊन जा.

आता पैसे. मेडिक्लेम हा मुख्यतः हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या खर्चासाठी. घरी वापरायची साधनं बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात, तेव्हा नकाराचं पत्र आलं तर त्यात नवल नाही. अपघात असेल तर दुसरा कागद शोधा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात, आणि अनेकांना ते आठवतही नाही. अपघाताने दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर तिच्यात २ लाख मिळतात, आणि ते खुर्चीसाठी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे पासबुक तपासा. एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी असेल तर ईएसआयसीकडे लेखी मागणी करा. रस्ते अपघाताचा दावा चालू असेल तर वकिलाला सांगा, की आजच्या खुर्चीबरोबर पुढच्या बॅटऱ्या आणि बदली खुर्चीही मागा. कृत्रिम पायाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये देखभालीचा आणि बदलण्याचा खर्च धरला आहे.

‘अ‍ॅडिप’मध्ये मोटारीच्या साधनासाठी ८० टक्के दिव्यांगत्वाची अट आली, आणि इथेच माणसं अडकतात. टक्के शरीराच्या दोषाचे मोजतात. घरापासून रिक्षापर्यंत जाता येतं का, हे त्यात कुठेच येत नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखा आजार वाढत जातो, तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा ६० टक्क्यांचा दाखला कवटाळून बसू नका. पुन्हा तपासणी मागा. दाखला चुकीचा वाटला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

अनुदानाने पूर्ण किंमत भागेलच असं नाही. उरलेल्या रकमेसाठी महापालिकेच्या दिव्यांग निधीकडे किंवा खासदार निधीकडे जाताना तेच प्रिस्क्रिप्शन आणि कोटेशन जोडा. प्रत्येक दारी वेगळी कहाणी सांगितली, की फाइल हमखास अडते.

समोरून विचारतायत, हात चांगले असतील तर? मग महागडी पॉवर खुर्ची लागेलच असं नाही. मद्रास आयआयटीतून निघालेल्या ‘निओमोशन’ची ‘निओफ्लाय’ मापाने बनते. घरात ती हाताने चालवायची आणि बाहेर पडताना पुढे ‘निओबोल्ट’ हे मोटारीचं चाक जोडायचं.

आणि विकत घेण्याआधी एवढं विचारा, की जॉयस्टिक बंद पडली तर दुरुस्तीला माणूस कल्याणला येतो, की खुर्चीच पाठवावी लागते? उत्तर काहीही येवो, जुनी साधी खुर्ची कोणाला देऊन टाकू नका.