रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

पिंपळे सौदागर हे पवनेच्या काठचे एके काळचे लहानसे खेडे. जेथे पूर्वी शेते होती तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी, औषधांच्या दुकानांशेजारी, रक्त, लघवी व थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. सकाळी उपाशीपोटी येऊन बाकावर बसलेली माणसे तेथे नित्य पाहावयास मिळतात. सुई टोचून घेण्याचे दुःख क्षणाचे. दंडावरचा कापूस दुपारपर्यंत गळूनही पडतो. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. रक्त देऊन झाले आहे, डॉक्टरांनी "रिपोर्ट येऊ द्या, मग पाहू" एवढेच सांगितले आहे, आणि रिपोर्ट तर अद्याप यावयाचा आहे. ह्या मधल्या दिवसांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

शाळेच्या वार्षिकात हा विषय कशास, असे कोणी विचारील. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी असे दिवस येऊन गेले आहेत व पुढेही येतील. त्या दिवसांत घरातील मोठी माणसे दार लावून हळू आवाजात बोलतात, आणि दाराबाहेर पुस्तक उघडे ठेवून बसलेल्या मुलास त्यातील एक शब्दही न कळता सर्व काही कळते. शालान्त परीक्षेच्या निकालाची वाट पाहणे मुलांच्या परिचयाचे आहे. तथापि ह्या दोन वाट पाहण्यांत मोठे अंतर आहे. परीक्षेत उत्तरे आपण लिहिलेली असतात, म्हणून काहीतरी अंदाज बांधता येतो. येथे उत्तर शरीराने आधीच लिहून ठेवलेले असते व ते वाचण्याची विद्या मात्र दुसऱ्याजवळ असते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ह्या दिवसांत मन अस्वस्थ होणे हा भित्रेपणा नव्हे. सन २०१६ मध्ये लंडन येथील संशोधकांनी ४५ जणांवर एक प्रयोग करून तो प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवावयाचे व त्यांखाली साप आहे किंवा नाही हे ओळखावयास सांगावयाचे. साप निघाल्यास हाताला विजेचा वेदनादायक झटका. घामावरून, डोळ्यांच्या बाहुल्यांवरून व त्या माणसांच्या सांगण्यावरून मनाचा ताण मोजला गेला. झटका खात्रीने बसणार हे ज्यांना ठाऊक होते त्यांचा ताण सर्वांत अधिक असेल, असे कोणासही वाटेल. वस्तुतः सर्वांत अधिक ताण आढळला तो झटका बसण्याचा व न बसण्याचा संभव सारखाच असताना! संकट निश्चित असले की मन त्याच्याशी काही एक तडजोड करते. 'आहे की नाही' ह्या झोपाळ्यावर मात्र त्यास पाय टेकवावयास जागा सापडत नाही. म्हणून रिपोर्टाची वाट पाहणारा माणूस एरवी खंबीर असूनही फोन वाजताच दचकतो, भाजीत दोनदा मीठ घालतो, व रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडून राहतो. त्यास "उगीच काय घाबरतोस?" असे म्हणणे अन्यायाचे आहे.

ह्या अनिश्चिततेचा एक भाग असा आहे की तो ज्ञानाने कमी करता येतो. आपला नमुना आत गेला व त्याचे पुढे काय झाले हे ठाऊक नसल्यामुळे मन त्या रिकाम्या जागेत नाही नाही ती चित्रे रंगवू लागते. विशेषतः "रिपोर्टाला उशीर होतो आहे, त्या अर्थी काहीतरी वाईट निघाले असले पाहिजे" हे अनुमान घरोघरी निघते, आणि ते बहुधा खोटे असते. उशीर का लागतो ते थोडे विस्ताराने पाहू.

रक्तातील साखर किंवा पेशींची गणना ही यंत्राची कामे होत. ती त्याच दिवशी होऊन जातात. परंतु जंतूंचा शोध घ्यावयाचा असला म्हणजे त्यांना वाढू द्यावे लागते, व जंतू काही आपल्या घाईने वाढत नाहीत. लघवीतील नेहमीचे जंतू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, म्हणून त्यांचा पत्ता एक-दोन दिवसांत लागतो. कोणते औषध त्यांना मारील हे पाहण्यास आणखी एखादा दिवस. क्षयाचा जंतू, जो रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्याने २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला, तो ह्या बाबतीत अत्यंत आळशी. त्यास एकाचे दोन होण्यास जवळजवळ एक अहोरात्र लागते. त्यामुळे थुंकीतील क्षयजंतू वाढवून पाहण्याच्या परीक्षेत, द्रवात वाढविल्यास सहा आठवड्यांपर्यंत व घट्ट खाद्यावर वाढविल्यास आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहून मगच 'जंतू नाहीत' असे लिहिता येते. म्हणजे येथे उशिरा येणारा रिपोर्ट हा पुष्कळदा चांगलाच असतो! अर्थात जंतूच्या जनुकद्रव्यावरून दोन-अडीच तासांत निदान करणारे यंत्र आता उपलब्ध असल्यामुळे उपचार त्या दीर्घ परीक्षेसाठी अडून राहत नाहीत.

सर्वांत अधिक धास्ती असते ती गाठीच्या तुकड्याच्या तपासणीची, ज्यास सर्वजण 'बायॉप्सी' म्हणतात. तो इवलासा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही व त्यातील पेशी जेथल्या तेथे स्थिर होतात. ह्यास पुष्कळदा एक दिवस जातो. मग मद्यार्काच्या उत्तरोत्तर तीव्र द्रावणांतून फिरवून त्यातील पाणी काढून टाकतात, व पाण्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. मेण थिजले की तुकड्याची वडी तयार होते. त्या वडीचे एका विशेष यंत्राने काप काढतात. एकेक काप सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग, इतका पातळ असतो. हे काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलावे लागतात. येथे तंत्रज्ञाच्या हाताचे कसब लागते. नंतर त्यांस जांभळा व गुलाबी असे दोन रंग देतात, आणि मग कोठे ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे येते. पेशींचे स्वरूप संदिग्ध वाटले तर ते निराळ्या रंगांचे नवे काप मागवितात किंवा दुसऱ्या तज्ज्ञास दाखवितात. रुग्णाच्या घरी ह्या दिवसांत "अजून कसा आला नाही?" म्हणून काळजी वाढत असते, पण तेथे मात्र कोणीतरी घाईने चूक होऊ नये म्हणून दुसऱ्यांदा पाहत असते.

ह्याउलट, ज्या आकड्यामुळे जिवास तत्काळ धोका संभवतो, तो आकडा दिसताच डॉक्टरांस फोन करून कळवावयाचा, असा चांगल्या प्रयोगशाळांचा प्रघात आहे. मात्र रिपोर्ट यावयाचा असताना धाप लागू लागली, रक्तस्राव झाला, ताप चढत चालला किंवा शुद्ध हरपू लागली, तर रिपोर्टाची वाट पाहत घरी बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

उशिराचे आणखी एक कारण शरीरात नसते व जंतूतही नसते. ते रस्त्यात आणि रांगेत असते. हे आपल्या भागाने २०२० साली पुरेपूर अनुभविले. त्या वर्षी ९ मार्च रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित आढळले व लवकरच पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. प्रारंभी घशातील व नाकातील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जात. ही संस्था १९५२ साली स्थापन झालेली व देशात नावाजलेली. परंतु नमुन्यांचा ओघच एवढा की वेगळ्या खोलीत कोंडून घेतलेल्या माणसांना एकेक दिवस युगासारखा भासला. परदेशी संचांनी परीक्षा करण्यास सहा-सात तास लागत. पुण्याच्या मायलॅब ह्या कंपनीतील विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे भोसले व त्यांचे सहकारी ह्यांनी सहा आठवड्यांत असा संच सिद्ध केला की तेच काम अडीच तासांत व्हावे. त्या वेळी मीनलताईंचे दिवस भरत आले होते. १८ मार्च रोजी त्यांनी संच विषाणुविज्ञान संस्थेकडे परीक्षणासाठी सोपविला, दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीनंतर लगेच त्या संचास मान्यता मिळाली. गंमत अशी की लक्षावधी लोकांची वाट पाहण्याची वेळ कमी करणाऱ्या ह्या बाईंना स्वतः मात्र एकाच वेळी दोन निकालांची वाट पाहावी लागली.

आता रिपोर्ट येतो तो बहुधा भ्रमणध्वनीवर, आणि कित्येकदा डॉक्टरांच्या आधी आपल्या हाती. वडील चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेले, आई स्वयंपाकात, आणि रात्री साडेनऊला संदेश येतो. उघडून पाहावे तो तीन आकडे ठळक अक्षरांत! येथे एक हिशेब आमच्या गणितप्रेमी विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. रिपोर्टात आकड्यापुढे जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती साधारणतः निरोगी माणसांपैकी शेकडा ९५ जणांचे आकडे तीत बसतील अशा बेताने ठरविलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी असूनही विसांतील एक जण प्रत्येक परीक्षेत मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० परीक्षा एकदम केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा तरी ठळक अक्षरांत येण्याचा संभव शेकडा ६४ इतका होतो. ठळक अक्षर म्हणजे 'इकडे पाहा' एवढाच इशारा. रोगाचे नाव नव्हे. रात्री एकट्याने रिपोर्ट उघडून त्यातील शब्द महाजालावर शोधीत बसण्यापेक्षा, डॉक्टरांची भेट जवळ असेल तर तो बंदच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्वांना हे साधणार नाही, हेही आम्ही जाणतो.

मग ते दिवस घालवावे कसे? अमेरिकेत केट स्वीनी ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वकिलीच्या सनदेची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट पाहणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. काळजी दडपून टाकण्याचे, मन बळेच आशावादी करण्याचे जे नाना उपाय त्यांनी केले, ते बहुतेक निष्फळ ठरले. उलट, ज्यांनी ह्या काळात अधिक काळजी वाहिली त्यांना वाईट निकाल पुढे त्या मानाने बरा सोसला. तेव्हा काळजीला घराबाहेर काढण्याची खटपट सोडावी. तिला बसावयास एक पाट द्यावा, म्हणजे ती घरभर फिरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ अशी एक रीत सांगतात की दिवसातील ठराविक अर्धा तास, शक्यतो निजण्याच्या वेळेपासून दूर, काळजीसाठी राखून ठेवावा. इतर वेळी विचार आला तर तो कागदावर टिपून "सहा वाजता" असे त्यास सांगावे. प्रथम हे हास्यास्पद वाटते. दोन-तीन दिवसांनी थोडे जमू लागते.

दुसरे असे की हात व चित्त दोन्ही गुंतवील असे काम धरावे. चीनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत केलेल्या पाहणीतही स्वीनीबाईंस व त्यांच्या सहकाऱ्यांस असे आढळले की जे कामात रंगून जात त्यांना तो काळ कमी जाचक झाला. नुसते दूरदर्शनपुढे बसणे ह्यात मोडत नाही, कारण तेथे डोळे गुंततात आणि मन मोकळेच राहते. मेथी निवडणे, रांगोळीचे ठिपके जुळविणे, भूमितीचा अवघड सिद्धांत सोडविणे, पेटीवर एखादी नवी गत बसविणे, ही कामे चांगली. आमच्या आज्या देव पाण्यात घालून बसत. कोणी नवस बोलतो, कोणी प्रार्थनेस जातो. ज्याची जशी श्रद्धा तसा त्याचा आधार. त्यात ढवळाढवळ करू नये. कोणास झोपच येईनाशी झाली, किंवा काळजीने अन्न गोड लागेनासे झाले, तर १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे व तेथे मराठीत बोलता येते.

नातलगांस एक विनंती. "काही होणार नाही, बघ!" हे वाक्य प्रेमाचे असले तरी त्याने ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते, पुढे तो आपले भय सांगणार कसे? आणि "आमच्या शेजारणीलाही अशीच गाठ होती" ह्या शब्दांनी आरंभ होणारी गोष्ट तर सांगूच नये, तिचा शेवट कितीही गोड असो. त्यापेक्षा "गुरुवारी मी बरोबर येतो" हे चार शब्द पुष्कळ कामाचे. मुलांनाही कळेल इतके सांगावे: आईच्या गळ्याजवळच्या गाठीचा तुकडा तपासावयास दिला आहे, काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही, गुरुवारी कळेल, व कळले की तुलाही सांगू. जे मूल हे ऐकते ते आपल्या मनाने त्याहून भयंकर काही रचीत नाही.

नमुना देतानाच विचारून ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, परंतु त्या विसरल्याने फार त्रास होतो. रिपोर्ट कोणत्या दिवशी अपेक्षित आहे, तो कोण सांगणार, व त्या दिवशी न आल्यास कोणाला विचारावयाचे. महापालिकेच्या संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी तर केसपेपरावरील क्रमांक वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावा. रिपोर्ट घेण्यास जाताना बरोबर एक माणूस असावे आणि त्याच्याजवळ वही-पेन्सिल असावी. कारण पहिले वाक्य कानावर पडल्यानंतरची पुढची वाक्ये रुग्णास बहुधा ऐकू येत नाहीत. आणि तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट असेल तर हेही ठाऊक असावे की ती मेणाची वडी व काचपट्ट्या फेकून देत नाहीत. प्रयोगशाळा त्या जपून ठेवते, व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे असल्यास रुग्णास त्या मागून नेता येतात.