घनता २६६, पण कोठली आणि कोणत्या महिन्यातली?

अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) तक्ता समोर घ्या. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात एवढा मोठा जिल्हा दुसरा नाही. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४५,४३,१५९. भागाकार केला की उत्तर येते : दर चौरस किलोमीटरला २६६ माणसे. सबंध महाराष्ट्रासाठी हाच आकडा ३६५ आहे. परीक्षेत एवढे लिहिले तर पूर्ण गुण मिळतात.

पण जरा थांबा. भौतिकशास्त्रातही आपण घनता शिकतो. लोखंडाचा तुकडा कोठूनही कापा, त्याची घनता तीच भरते. आता लाकडाच्या ठोकळ्यात शिशाच्या चार गोळ्या ठोकून बसवा आणि सबंध ठोकळ्याची घनता काढा. उत्तर येईल, पण ते ना लाकडाचे असेल, ना शिशाचे. जिल्ह्याची घनता ही अशा ठोकळ्याची घनता आहे. या ठोकळ्यातले शिसे कोठे आहे ते पाहायला आपण राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथे जाऊ. (नाशिकजवळचे छावणीचे देवळाली ते निराळे. आपल्या देवळालीच्या नावापुढे नदीचे नाव आहे, आणि पुढची सारी गोष्ट त्या नदीचीच आहे.)

प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तेथून जवळच घाटघरला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला शंभर किलोमीटरवर असलेल्या राहुरीच्या भागात तो जेमतेम पाचशेच्या आसपास भरतो. एकाच जिल्ह्यात दहा पट फरक! याचे कारण सह्याद्री. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढू लागली की वरचा दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाचे पाणी होऊ लागले की हे थंड होणे दर किलोमीटरला सुमारे ६ अंश सेल्सिअस असते. पाणी पश्चिमेकडेच पडून जाते. उरलेली कोरडी हवा पलीकडे उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. तापलेल्या हवेत ढग विरतात. देवळाली, राहुरी, श्रीरामपूर ही सगळी या पर्जन्यछायेतली गावे.

मग येथे हिरवागार ऊस कसा? तर पाऊस येथे आकाशातून थोडा आणि कालव्यातून पुष्कळ येतो! भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तेव्हा हे झाले जवळजवळ ३१ कोटी घनमीटर. समजा, एवढे पाणी एक हजार चौरस किलोमीटर जमिनीवर सारखे पसरले, तर थर होईल ३१ सेंटिमीटरचा. म्हणजे पाचशे मिलिमीटरच्या मुलखाला आणखी तीनशे मिलिमीटर पाऊस मिळाल्यासारखे झाले. प्रत्यक्षात बाष्पीभवन आणि गळती यांत पाणी बरेच जाते; पण उरलेले सारखे पसरत नाही, ही येथे खरी महत्त्वाची गोष्ट. धरणातून नदीत सोडलेले पाणी संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यात घेतात, आणि ते कालव्याच्या उताराखालच्या पट्ट्यालाच मिळते. त्या पट्ट्यात ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, कारखान्यामागून बाजारपेठ आणि माणसे आली. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा.

आता एक काल्पनिक चौरस घ्या, १० किलोमीटर बाजूचा. त्यातले ३० चौरस किलोमीटर कालव्याखाली असून तेथे घनता ५०० आहे. उरलेल्या ७० चौरस किलोमीटर माळावर १५० आहे. एकूण माणसे १५,००० अधिक १०,५००, म्हणजे २५,५००. सरासरी घनता २५५. गंमत अशी, की २५५ घनतेची जागा या चौरसात कोठेही नाही! आणि दर शंभर माणसांपैकी ५९ जण ३० टक्के जमिनीवर राहतात.

हे झाले 'कोठे'. 'केव्हा' हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि पुस्तकात तो बहुधा नसतो.

दसरा-दिवाळी झाली की याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कारखान्याजवळ, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. हंगाम संपेपर्यंत तेच त्यांचे घर. म्हणजे कालव्याच्या पट्ट्याची घनता जूनमध्ये एक आणि जानेवारीत दुसरी.

मग जनगणनेत ही माणसे कोठे धरतात? २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन हंगामात. नियम असा, की जो माणूस गणतीच्या सबंध काळात आपल्या नेहमीच्या घरापासून दूर असेल, त्याला तो आढळेल तेथेच मोजायचे. नियम स्वच्छ आहे; पण तो पाळायचा तर प्रगणकाने फडापर्यंत, कोपीपर्यंत पोहोचायला हवे. प्रगणक कोपीपर्यंत गेला नाही आणि गावी दाराला कुलूप असले, तर ते कुटुंब दोन्हीकडून सुटते.

मोजण्याच्या एककाचाही गोंधळ पाहा. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. जनगणनेच्या हिशेबी त्या दोन व्यक्ती, आणि सोबत लहान मूल असेल तर तीन. मुकादमाच्या वहीत ते मूल नाहीच. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर ते आहे, पण नोव्हेंबरपासून त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लागत जाते. कोपीजवळ साखरशाळा किंवा ज्या गावात ते आले तेथली शाळा त्याला सामावून घेईल की नाही, हे तेथे असे मूल आहे हे कोणीतरी मोजण्यावर अवलंबून आहे.

२०२१ ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण ठरला आहे. म्हणजे गणती पुन्हा उसाच्या हंगामातच. दरम्यान निळवंडे धरणाचा डावा कालवा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हा लाकूड कोठे आणि शिसे कोठे, याचीही मांडणी बदलू लागली असेल.

तुमची शाळा कालव्याच्या पट्ट्यात असो की माळावर, गुरुजींच्या परवानगीने हजेरीपटावरून जून आणि जानेवारी या महिन्यांची सरासरी उपस्थिती काढा आणि दोन्हींचा आलेख मांडा. नंतर तालुक्याच्या नकाशावर कालवा निळ्या रेषेने काढून दोन्ही बाजूंच्या वस्त्यांवर ठिपके द्या. जूनमध्ये दिसणारी वस्ती निळ्या शाईने आणि जानेवारीत दिसणारी लाल शाईने दाखवा.