टोलीनायकाची जबाबदारी : लालबाग परिसर आणि स्काउट-गाइड पथके

बऱ्हाणपूर शहराचे रेल्वे स्थानक ज्या भागात आहे, तो भाग लालबाग या नावाने ओळखला जातो. दक्षिणेस शहर ओलांडले की तापी लागते, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा दिसतात आणि सुमारे २० किलोमीटरवर असीरगडाचा किल्ला उभा आहे. लालबागच्या परिसरातच जमिनीखालून पाणी वाहून आणणारा कुंडी भंडारा आहे. नदी, डोंगर, किल्ला, केळीच्या बागा आणि जलव्यवस्थेचा एक अपूर्व नमुना एवढ्या थोड्या अंतरात क्वचितच एकत्र आढळतात. दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या दृष्टीने पाहिले, तर ही एक विनामूल्य शाळाच होय. या शाळेचा उपयोग पद्धतशीरपणे कसा करावा, याचे उत्तर स्काउट आणि गाइड चळवळीने फार पूर्वी दिलेले आहे.

चळवळीचा उगम

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी २० मुलांचे एक शिबिर भरविले. त्यांत सधन घरांतील मुले होती, तशीच कामगारांचीही होती. मुलांच्या चार टोल्या करून प्रत्येक टोलीचे नेतृत्व त्यांच्यापैकीच एकाकडे देण्यात आले. स्काउट पद्धतीचे बीज याच व्यवस्थेत आहे.

भारतात १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले, तर मुलींसाठीचे पहिले गाइड पथक १९११ साली जबलपूर येथे सुरू झाले. तथापि आरंभी या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. या अन्यायाचे उत्तर भारतीयांनी स्वतःच्या संघटना उभारून दिले. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. त्याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीच्या आश्रयाने स्काउट कार्य उभे केले. स्वातंत्र्यानंतर या प्रवाहांचे एकीकरण झाले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली.

ज्या चळवळीचे दार आपल्या मुलांना एके काळी बंद होते, त्या चळवळीचे दार आज कोणत्याही मुलास जात, धर्म, भाषा किंवा परिस्थिती यांमुळे बंद राहू नये, हा या इतिहासाचा बोध होय. मराठी, हिंदी व उर्दू बोलणारी कुटुंबे जेथे शेजारी नांदतात, त्या बऱ्हाणपुरात या बोधाला विशेष महत्त्व आहे.

टोली हाच पाया

स्काउट पथकाचा कणा म्हणजे टोली. एका टोलीत सहा ते आठ मुले असतात. त्यांच्यातूनच टोलीनायक निवडला जातो. सर्व टोलीनायक मिळून मानसभा होते. सहलीचा बेत, कामांची वाटणी, शिस्तीचे प्रश्न यांचा विचार ही सभा करते. पथकाचे प्रौढ शिक्षक तेथे सल्लागार म्हणून बसतात.

ही रचना वरकरणी साधी दिसते. परंतु तिचा परिणाम खोलवर होतो. तेरा वर्षांच्या मुलाकडे सात जणांच्या शिध्याचा हिशेब, तंबू आणि सुखरूप परत येण्याची काळजी सोपविली जाते, तेव्हा तो प्रथमच इतरांचा विचार करू लागतो. वर्गात मागे बसणारा मुलगा चूल पेटविण्यात सर्वांच्या पुढे जातो. अबोल मुलगी प्रथमोपचाराच्या वेळी स्थिर हाताने पट्टी बांधते. प्रत्येकाला कोणत्या तरी एका कामात आपली गरज आहे असे जाणवते. व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणतात तो याच जाणिवेपासून सुरू होतो.

वयोगटानुसार कार्याचे तीन विभाग आहेत. लहान मुलांसाठी कब व बुलबुल, साधारणतः दहा वर्षांपासून पुढे स्काउट व गाइड, आणि त्यानंतर पंचविशीपर्यंत रोव्हर व रेंजर. कबांच्या खेळांना किपलिंगच्या मोगलीची कथा आधारभूत आहे, आणि त्या कथेतील अरण्य मध्य प्रदेशातील सिवनीच्या डोंगरांतले आहे. म्हणजे जगभरची मुले ज्या अकेला व बालू यांच्या नावाने खेळतात, ते याच प्रदेशाच्या भूमीवर कल्पिलेले आहेत. स्काउट विभागात प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, नंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत.

परिसरातील पाठ

सहल म्हणजे केवळ फिरणे नव्हे. प्रत्येक सहलीमागे एक निश्चित पाठ असावा. तापीकाठचा एक पाठ उदाहरणादाखल घेता येईल. नदी न ओलांडता तिची रुंदी मोजावयाची आहे. पलीकडच्या तीरावरील एक झाड निवडून त्याच्या बरोबर समोर अलीकडच्या तीरावर एक काठी रोवावी. तेथून काठाने सरळ ५० पावले चालून दुसरी काठी रोवावी व त्याच रेषेत आणखी ५० पावले जाऊन तिसरी. आता नदीकडे पाठ करून काटकोनात चालत जावे. ज्या जागेवरून मधली काठी आणि पलीकडचे झाड एका रेषेत दिसतील, तेथे थांबावे. तिसऱ्या काठीपासून जितके अंतर चालणे झाले, तितकीच नदीची रुंदी. फळ्यावर कंटाळवाणे वाटणारे एकरूप त्रिकोण येथे पायांनी शिकले जातात.

कुंडी भंडाऱ्याचा पाठ वेगळा आहे. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात ही योजना आकारास आली. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांत अडवून, केवळ उताराच्या बळावर ते पुढे नेण्यात आले. हवा व उजेड यांसाठी आणि साफसफाईसाठी ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या ठेवण्यात आल्या. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. इंधन नाही, यंत्र नाही, तरी पाणी वाहते. कुंड्यांची रांग नकाशावर उतरविणे, दोन कुंड्यांमधील अंतर पावलांनी मोजणे, वाटेतील कचरा दूर करणे, ही कामे टोल्यांना वाटून देता येतात. मार्च २०२४ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. अशा ठेव्याची काळजी घेणारी पिढी त्याच गावात तयार व्हावी, हे योग्यच होय.

भांड्यांविना स्वयंपाक हा मुलांचा सर्वांत आवडता पाठ. निखाऱ्यात वांगी भाजावीत, गोवऱ्यांवर बाट्या शेकाव्यात आणि केळीच्या पानावर जेवावे. या भागात त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. विस्तव पूर्ण विझवून जागा पूर्ववत केल्याशिवाय मात्र टोलीने ती सोडू नये. दोर बांधण्याच्या गाठी, होकायंत्राचा वापर, जखमेवर पट्टी, गळपट्टा तिकोनी उलगडून मोडलेल्या हातासाठी केलेली झोळी, ही कौशल्ये अपघाताच्या वा पुराच्या प्रसंगी गावाच्या उपयोगी पडतात.

सुरक्षिततेचा विचार

निमाडचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी सहल नेऊ नये. पावसाळ्यात तापीचे पाणी अचानक चढते. त्या काळात नदीपात्रातील कार्यक्रम वर्ज्य समजावेत. कुंड्या खोल आहेत. संबंधित कार्यालयाची अनुमती आणि पुरेशी प्रौढ माणसे असल्याशिवाय मुलांना त्यांच्या काठाशी जाऊ देऊ नये. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी आणि निघताना व परतताना मुलांची मोजणी यांत कधीही सूट नसावी. मुलींच्या पथकासोबत प्रशिक्षित महिला असलीच पाहिजे.

पथके का कोमेजतात

पुष्कळ ठिकाणी पथक कागदावर राहते. गणवेश शिवले जातात, १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला संचलन होते, आणि उरलेले वर्ष रिकामे जाते. टोलीनायकाच्या गणवेशावर पट्टी असते, पण त्याच्याकडे काम नसते. प्रमाणपत्राच्या आशेने आलेला मुलगा प्रमाणपत्र मिळताच निघून जातो. दोष मुलांचा नाही. जेथे साप्ताहिक बैठक चुकत नाही आणि टोलीला खरोखर निर्णय घेऊ दिले जातात, तेथे साधने तुटपुंजी असली तरी पथक टिकते.

याची गुरुकिल्ली प्रौढ नेतृत्वात आहे. पथक चालविणाऱ्या शिक्षकांसाठी प्राथमिक व प्रगत शिबिरे असतात आणि त्यानंतर हिमालय वुड बॅज ही पात्रता मिळविता येते. संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढी येथे, म्हणजे याच राज्यात आणि सातपुड्याच्याच कुशीत आहे.

आरंभ कसा करावा

पथक शाळेचे असू शकते, तसेच वस्तीतील मुलांसाठी मुक्त पथकही काढता येते. यंत्रमागांच्या या शहरात ज्या मुलांची शाळा सुटली आहे, त्यांच्यासाठी मुक्त पथकाचा मार्ग विशेष मोलाचा आहे. रेल्वेच्या स्काउट-गाइड कार्याची स्वतंत्र यंत्रणा असून क्षेत्रीय रेल्वेला संघटनेत राज्याचा दर्जा आहे. बऱ्हाणपूर स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात मोडते.

इच्छुक शिक्षकाने वा ग्रामस्थाने प्रथम जिल्हा संघटनेशी संपर्क साधावा, प्राथमिक शिबिर पूर्ण करावे आणि एकाच टोलीने सुरुवात करावी. आठ मुले, एक दोर, काही काठ्या, प्रथमोपचार पेटी आणि आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ एवढे भांडवल पुरेसे आहे. गणवेश सवडीने येईल. अधिकाऱ्यांनी पथकाची पाहणी करताना संचलन पाहण्यापूर्वी टोलीनायकाला एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात तुमच्या टोलीने स्वतः ठरवून कोणते काम केले? या प्रश्नाला उत्तर मिळाले, तर ते पथक जिवंत आहे असे समजावे.