तारामासा, गुलाबाचा काटा आणि परळची लस

घाटकोपरच्या आमच्या अभ्यासिकेत परवा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "लहान भावाला डोस दिला की आई म्हणते, आता हा आजार होणार नाही. सुईतल्या औषधाला इतकी वर्षे आठवते कसे?" आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत जमाखर्च लिहिणारे. त्या दिवशी गप्प बसलो. मग वाचनालय गाठले.

उत्तराची सुरुवात समुद्रात सापडली. एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्री जिवांचा अभ्यास करी. १८८२ साली तो इटलीतल्या मेसिना येथे राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेलेली, हा सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाचे पिल्लू काचेसारखे आरपार दिसते. बागेतल्या गुलाबाचा काटा त्याने पिल्लाच्या अंगात टोचला. सकाळी पाहतो तो भटक्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही असेच करतात. फोडातला पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी. या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल त्याला विभागून मिळाले.

पण तारामाशाजवळ हा पहिलाच पहारा आहे. शत्रूचा चेहरा लक्षात ठेवून प्रतिपिंडे बनवणारा दुसरा पहारा आला तो जबड्याच्या माशांबरोबर, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी. बाजारातून आणतो त्या मोरीच्या रक्तातही तो आहे. लस या पहाऱ्याला शत्रूची ओळख करून देते. औषध विरून जाते, आठवण शरीर ठेवते.

मेचनिकॉफचाच विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

हे मुलांना सांगताना अडले ते पुस्तकी शब्दांशी. 'भक्षक पेशी' म्हटले की जांभया, 'पहारेकरी' म्हटले की कान टवकारले! आज मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात, व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने, महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना शिकवून हेच पाहिले. बुद्धी कमी नव्हती, पुस्तकाची भाषा आड येत होती. ती सोपी केल्यावर दहावीचे निकाल सुधारले. आमच्या मुलांना विज्ञान झेपत नाही म्हणणाऱ्या मास्तरांनी हे जरूर वाचावे.

येत्या अमावास्येच्या ओहोटीला मुलांना जुहूला नेणार आहोत. भिंग एकच आहे. तारामासा सापडला तर पाहून लगेच पाण्यात सोडायचा, असे त्या मुलीने आम्हाला आधीच बजावले आहे.