दाण्यातील पाणी

तंजावरजवळ, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच व ‘आरु’ म्हणजे नदी. संत त्यागराजांची समाधी येथे आहे. तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. त्यामुळे हा मुलूख मराठी वाचकास अपरिचित नाही.

येथील मुख्य पीक भाताचे. ‘कुरुवै’ हंगामाचे भात सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीस येते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पावसास आरंभ होतो. सरकारी खरेदी केंद्रावर भातातील ओलाव्याची मर्यादा शेकडा १७ आहे. भात त्याहून ओले निघाले, तर शेतकऱ्यास ते पुन्हा पसरून उन्हाची वाट पाहावी लागते. वर्षाच्या श्रमाचे मोल अशा रीतीने एका आकड्यावर अवलंबून राहते.

ही मर्यादा निरर्थक नाही. ओल्या दाण्याचे श्वसन वेगाने चालते. त्यामुळे रास तापते व तीस बुरशी लागते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. १९६० मध्ये इंग्लंडात दूषित भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्या तपासातून या विषाचा शोध लागला. भारतात तृणधान्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात अवघे १५ मिलिग्रॅम आहे. एवढे सूक्ष्म प्रमाण ओळखणे हे वैश्लेषिक रसायनशास्त्राचेच कार्य होय.

ओलावा मोजण्याची मूळ पद्धत मात्र सोपी आहे. दाण्यांचे पीठ तोलून सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत ठराविक काळ ठेवतात. मग ते कोरड्या बंद पात्रात निववून पुन्हा तोलतात. वजनातील घट म्हणजे पाणी. केंद्रावर इतका वेळ नसतो. तेथे दाण्यांचे विद्युत्‌गुण पाहून ओलावा क्षणात सांगणारे यंत्र वापरतात. पाण्याचे विद्युत्‌गुण कोरड्या पिठाहून फार निराळे असल्याने हे साधते. परंतु यंत्राचे आकडे वेळोवेळी भट्टीच्या आकड्यांशी ताडून पाहिले नाहीत, तर ते विश्वसनीय राहत नाहीत. तसेच नमुना केवळ राशीच्या वरच्या, उन्हाने वाळलेल्या थरातून घेतल्यास उत्तम यंत्रही फसते.

हिशेबही ध्यानात घ्यावा. शेकडा २० ओलाव्याच्या १०० किलो भातात ८० किलो कोरडा भाग असतो. ते शेकडा १४ पर्यंत वाळविल्यास सुमारे ९३ किलो उरते. १७ ओलाव्याचे असल्यास सुमारे ९६.५ किलो. घेणाऱ्याने पाण्याचे पैसे देऊ नयेत आणि विकणाऱ्याचे धान्य फुकट जाऊ नये, ही दोन्ही कामे अचूक मोजमापच करते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पावसामुळे केंद्र सरकारने तमिळनाडूसाठी ही मर्यादा १९ पर्यंत शिथिल केली. शेतकऱ्यास त्यामुळे दिलासा मिळाला. पण नियम सैल झाल्याने दाण्यातील पाणी कमी होत नाही; ते वाळवावेच लागते. किती वाळवावे, हे सांगणारा तराजू मात्र दोघांसाठी एकच असावा लागतो.