मुलांना घेऊन समुद्रावर जाताय? आधी किनारा पारखा

हिंगोलीहून कोकणात गेलात की गणपतीपुळे ठरलेलेच. दर्शन जरूर घ्या. पण तिथला समुद्र पोहण्यासाठी धोकादायक आहे. विहिरीत पट्टीचे पोहणारेही समुद्रात फसतात. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत दिसतो. अनेकदा तिथूनच पाणी वेगाने आत ओढते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे नव्हे, किनाऱ्याला समांतर पोहा.

मुलांसाठी कमी उताराचा, जीवरक्षक असलेला किनारा निवडा. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारा. लहान मूल हाताच्या अंतरावरच हवे, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.